शाबासकीची सिगारेट

छातीच्या वॉर्डात मोठ्या सरांचा असा दरारा होता, की राउंडला उभं राहताना शिकाऊ डॉक्टरांची पाचावर धारण बसायची. एक्स-रे आधी बघायचा नाही, पाठीवर बोटांनी ठोकून आणि स्टेथोस्कोप लावून आजार ओळखायचा, ही सरांची शिस्त. ज्याचं निदान अचूक निघेल, त्याला राउंडनंतर मागच्या जिन्यात सर आपल्या पाकिटातली सिगारेट देत, वर स्वतः पेटवूनही देत. म्हणजे आत पेशंटला दम भरायचा, सिगारेट सोडा नाहीतर मराल, आणि बाहेर येऊन बक्षीस म्हणून तीच वाटायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. शिकलेली माणसं ना सगळी!

सगळ्यांत जास्त बक्षिसं मिळवली ती शेंडेफळाने. तुकडीत वयाने लहान, म्हणून हे नाव चिकटलेलं. पहिल्या झुरक्याला त्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. सर पोट धरून हसले होते.

पुढे हार्ट अटॅक आला आणि सरांनी सिगारेट सोडली. सत्तरी उलटली तरी ठणठणीत आहेत. शेंडेफळ मात्र आता त्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर. फुप्फुसाचा कॅन्सर, हाताबाहेर गेलेला. भेटायला निघताना सरांच्या मनात एकच होतं, त्याने आपल्याला एकदा तरी दोष द्यावा. नुसती माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

ते पोहोचले तेव्हा एक शिकाऊ डॉक्टर मुलगी खाटेशी उभी राहून माहिती घेत होती. सिगारेटची सवय कशी लागली, असं तिने विचारलं. शेंडेफळाने सरांकडे पाहिलं आणि धापा टाकत सांगितलं, "कॉलेजात. मित्रांच्या नादाने."

सरांना राहवलं नाही. "खोटं सांगतोय तो. मी लावली."

मुलगी बिचारी गोंधळली. शेंडेफळ "जाऊ द्या ना, सर" एवढंच म्हणाला आणि खोकल्याने त्याचा ताबा घेतला. बायको त्याची पाठ चोळत राहिली. उबळ थांबली, तशी तिने सरांकडे पाहिलं. आता ही आपल्याला फाडून खाणार, असं सरांना वाटलं. खावं, त्यासाठीच तर ते आले होते.

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली. "पहिली मिळाली, त्या दिवशी धावत घरी आले होते सांगायला. सरांनी स्वतः पेटवून दिली म्हणाले. इतकं खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली, पदराने पुसली आणि सरांना बसा म्हणाली. सर बसले. माफी तोंडातच राहिली.