सित्सेच्या अकराशे जोड्या

साडेदहाच्या कॉफीला सित्सेनं पुन्हा तेच विचारलं, "माझ्या जोड्या धरल्यास ना गं?"

"बघतेय," हिस्के म्हणाली आणि त्याची नजर चुकवत बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

"दोन घेऊ?"

"एकच."

"एकतीस वर्षं झाली लग्नाला, अजून एकच!" टेबलावरचे सगळे हसले.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या त्या खगोल संस्थेत नवरा-बायको एकाच कामाला जुंपलेले होते. विश्वाच्या आयुष्यात मोठमोठ्या दीर्घिका एकमेकींत कितीदा विलीन होतात, ते मोजायचं. एका विलीनीकरणालाच अब्जभर वर्षं लागतात, बघत कोण बसणार! म्हणून आकाशाच्या फोटोंतल्या जवळजवळच्या जोड्या मोजायच्या. पण आकाश मोठं लबाड. शेजारी दिसणाऱ्या दोघींतली एक कितीतरी मागे असते, दुसरीशी तिचा काडीचा संबंध नसतो. ज्यांची अंतरं ठाऊक नसत, त्या जोड्या डोळ्यांनीच निवडाव्या लागत. ताऱ्यांची शेपटी ओढली गेली आहे का, कडा विस्कटल्यात का, ते बघून पुढे लिहायचं, 'विलीन' किंवा 'योगायोग'. सित्सेसारखी नजर त्या इमारतीत दुसऱ्या कुणाची नव्हती.

नियमही त्याचाच. प्रत्येकाच्या ढिगात, त्या माणसानं पूर्वी तपासलेलेच शंभर फोटो आडवे-उलटे करून गुपचूप मिसळायचे. त्यांना सगळे चकवे म्हणत. "जो स्वतःशीच जुळत नाही, त्याचं सगळं काम बाद. मग तो माझा सासरा का असेना," असं सित्से नव्या लोकांना बजावायचा. सासरे तेव्हा हयात होते. ते ऐकून खो खो हसायचे.

यंदा सित्सेचे शंभरातले बेचाळीसच चकवे जुळले. हिस्केला वाटलं, आपणच फोटो मिसळताना घोळ घातला. दोन दिवस ती यादीला दोष देत राहिली. यादी बरोबर होती. पूर्वी 'योगायोग' लिहिलेल्या जोड्यांपुढे त्यानं आता एकजात 'विलीन' लिहिलं होतं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, सायकल स्टेशनावर विसरून तो चालत घरी आला, ते तिनं वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. हे सोडता येईना. डॉक्टरांनी तिच्या मनात होतं तेच सांगितलं, आणि हे दुखणं वाढतच जाणार, हेही. म्हणजे यंदा त्यानं तपासलेल्या या अकराशे जोड्या हे त्याचं शेवटचं काम. ठेवल्या तर उत्तर खोटं, काढल्या तर हे शेवटचं कामही केराच्या टोपलीत. तिला रडू कोसळलं, तेही प्रिंटरपाशी, जिथं कुणीही येतं-जातं.

गुरुवारी तिनं त्याला आपल्या खोलीत बसवून चकव्यांचा निकाल पुढे ठेवला. त्याच्यापासून लपवणं तिला जमलं नसतं.

"हा कुणाचा?"

"तुझा."

"बेचाळीस? मग बाद कर की. मला विचारतेस काय?"

तिनं एक फोटो काढला. दोन गोल दीर्घिका, कडा स्वच्छ, शेपटीचा पत्ता नाही. "इथं 'विलीन' का लिहिलंस रे?"

तो ओशाळला. "योगायोग लिहायला हात होईना. इतक्या जवळ आहेत गं दोघी."

हिस्केनं त्याचा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं तो त्यानंच सोडवून घेतला, काम धरायच्या लोकांच्या यादीतलं स्वतःचं नाव खोडलं, खाली तारीख घातली आणि सही केली.

शुक्रवारी साडेदहाला तो कप घेऊन तिच्या शेजारी बसला. "माझ्या जोड्या धरल्यास ना गं?"

सहीचा कागद तिच्या खणातच होता. दाखवला असता तर त्यानं पुन्हा ताठ मानेनं नाव खोडलं असतं, आणि सोमवारी पुन्हा विचारलं असतं. या माणसाला रोज नव्यानं बाद करायचं? तिनं उभ्या आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

"धरल्या," ती म्हणाली. "सगळ्या."

"मग केक कुठाय?"

संशोधनाचा पेपर मंजूर झाला की लिहिणाऱ्यानं केक आणायचा, ही तिथली रीत. हा पेपर अजून पाठवलासुद्धा नव्हता, आणि ते टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हिस्केनं सायकल काढली आणि सफरचंदाचा केक घेऊन आली. सगळ्यांनी उठून सित्सेशी हात मिळवले, त्याचं अभिनंदन केलं, मग तिचंही.

सित्सेनं तिच्याकडे बघत बघत दोन तुकडे घेतले. तिनं केकचा डबा त्याच्याकडे आणखी सरकवला.

"आणि उत्तर किती आलं?"

इथं मात्र तिला खोटं बोलवेना. "आठ अब्ज वर्षांत जेमतेम एकदा. तेही सगळ्यांच्या वाट्याला नाही."

"इतकं कमी?" त्यानं काटा खाली ठेवला. "मला वाटलं होतं, जास्त असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं रे," हिस्के म्हणाली.