रेचकाच्या डब्याची कबुली

मी पोट साफ करणाऱ्या पावडरीचा डबा बोलतोय. माझं नाव घेताना लोक आवाज बारीक करतात, म्हणून मीच मोठ्याने सांगतो.

कारखान्यात माझ्यात पांढरी, बेचव पावडर भरली आणि सोबत बारीक अक्षरांचा कागद खुपसला. क्वचित एखाद्याच्या अंगाला ही सोसत नाही, खाज उठली तर डॉक्टरांना सांगा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तो एखादा नेमका माझ्याच नशिबी आला.

माझा मालक शिंपी. दिवसभर बैठं काम, पोट कायम जड. त्याने मला शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ठेवलं. आणि तो कागद? न वाचताच त्यातून खिशाच्या झाकणाचा नमुना कापला. आकार अगदी बरोबर बसत होता म्हणे.

महिन्याभरात त्याला खाज सुटली. मनगटं, मान, पाठ. पट्टीने पाठ खाजवता खाजवता तो गिऱ्हाइकाचं माप विसरायचा. साबण बदलला, लोकरीचे कपडे शिवायला घेणं बंद केलं, मांजर बहिणीकडे पाठवलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी रिकामा झालो की तो तीच पावडर सुटी आणून माझ्यात भरायचा. सगळ्यांवर आळ आला, माझ्यावर सोडून. डॉक्टरांनी खाजेच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप यायची आणि पोट आणखीच घट्ट व्हायचं. मग माझा एक चमचा होता तिथे दोन झाले. मी आतून ओरडत होतो, पण डब्याचं कोण ऐकतं?

एकदा बायकोने विचारलं, "अहो, पोटाच्या पावडरीचं सांगितलंत का डॉक्टरांना?"

"ते काय सांगायचं? बाहेर माणसं बसलेली असतात. आणि ते काय औषध आहे?"

तिनेही विषय सोडला. मला तिचा राग आला, खरंच आला.

शेवटी ठपका कापडावर बसला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस शिवणकाम थांबवून बघा. याने मशीनच विकायला काढलं. समोर दिसलं तर हात शिवशिवतील, म्हणाला. तीस वर्षांचं मशीन.

आज सकाळी दोन माणसं ते उचलून घेऊन गेली. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग उरलेत. तो दाराच्या चौकटीला पाठ घासत त्यांच्याकडे बघत राहिला. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

"आता बरं वाटेल बघ," तो बायकोला म्हणाला.

नाही वाटणार हो. तुमच्यापैकी कुणीतरी त्याला विचारा, रोज आणखी काय घेतोस म्हणून. लाज सोडून विचारा. माझ्या तळाशी दोन चमचे उरलेत, ते सांडले तरी चालतील.

त्याने ग्लासात पाणी ओतलंय. माझं झाकण फिरतंय.