अरणीचा तिसरा भाग

कोंडाबाईनं पुस्तक ज्वारीच्या कणगीत खुपसलं तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत आत गेला होता. वर चार ओंजळी ज्वारी लोटली, हात पदराला पुसले आणि आत जाऊन लेकीला सांगितलं, "न्हाई आलं म्हनले अण्णा. पुढल्या बाजारी बघू." इतकं धडधडीत खोटं ती जन्मात कधी बोलली नव्हती.

जगदेवी सोळा वर्षांची. भिंतीला गोधड्यांची चवड लावून तिला टेकवून बसवलेलं असायचं, कारण आडवी झाली की तिचा श्वास कोंडायचा. काळजाची झडप कामातून गेलीय, असं बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. मग नरसिंगला बाजूला घेऊन म्हणाला, पोरीला जे आवडतं ते करू द्या. डॉक्टर असं बोलायला लागला की बापाला आणखी काही विचारावं लागत नाही.

पोरीला काय आवडायचं, तर अरणी. चिटगुप्प्यात चन्नबसप्पा अण्णांचं किराणा दुकान होतं आणि त्यांना मराठी पुस्तकांचा भारी नाद. घरात कन्नड बोलायचे, हिशेब उर्दूतून यायचा, पण वाचायचं ते मराठी. जगदेवी शाळेत होती तेव्हापासून ते तिला पुस्तकं देत. अरणीची गोष्ट त्यांनीच उदगीरहून आणली. तीन भागांची, पण तिसरा मागाहून यायचा होता. अरणी ही कोटाबाहेरच्या वस्तीतली पोर. कोटाच्या आत जादूची शाळा, आणि बाहेरच्यांनी तिथं पाऊल टाकायचं नाही. पठ्ठी भिंतीच्या मोरीला कान लावून मंत्र शिकली. पहिल्या भागात तिनं तेलावाचून दिवा पेटवला. दुसऱ्या भागात गुरूंनी तिला पकडलं आणि तिचा आवाज काढून घेऊन पितळेच्या चंबूत बंद केला. मग नदीला पूर आला. पूर परतवायचा मंत्र एकट्या अरणीला येतो, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. दुसरा भाग तिथंच संपला होता. लिहिणाऱ्याला दयामाया नव्हती.

जगदेवीनं दोन्ही भाग चार-चारदा वाचले होते. आता पुस्तक धरायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून नरसिंग पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायचा. नरसिंग गवंडी. अक्षरं तो रात्रशाळेत शिकलेला, आणि विटेवर वीट बसवावी तसा शब्दावर शब्द बसवून वाचायचा.

"आप्पा, आवाजच न्हाई तर ती मंत्र कशी म्हनंल?"

"मला काय ठाव? तिसरा भाग येऊ दे की."

तिसरा भाग आलेला होता. बाजाराच्या दिवशी चन्नबसप्पांनी तो स्वतः कोंडाबाईच्या पिशवीत घातला होता.

कोंडाबाई नऊ वर्षांची असताना तिचा बाप असाच अंथरुणाला खिळला होता. चुलत्यानं घरात पोथी लावली. सात दिवस बाप पोथी ऐकत राहिला, चार घास खात राहिला. सातव्या दिवशी समाप्ती झाली, नैवेद्य दाखवला, आणि ते ताट घासायच्या आत बाप गेला. "पोथीसाठीच जीव थांबला व्हता," चुलता म्हणाला. मोठ्या माणसानं सहज टाकलेलं वाक्य, पण पोरीच्या मनात ते रुतून बसलं. पुढं धर्मांतर झालं, घरानं बुद्धाची वाट धरली. देव्हाऱ्यातले टाक कोंडाबाईनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले. नवस सोडले, उपास सोडले. हे एवढंच सुटायचं राहिलं, कारण ते देव्हाऱ्यात नव्हतंच कधी. पोथी संपली की ऐकणारं जातं, हे तिला सूर्य उगवतो तितकं ठाऊक होतं. अरणी मुकी राहू दे, पूर वाढू दे, गोष्ट तेवढी संपायला नको.

तीन बाजार असेच गेले. दर बाजारी ती रिकाम्या हातानं आत यायची आणि जगदेवी तिच्या हाताकडं बघायची. पोरीचे पाय सुजले, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. तरी पहिला प्रश्न तोच असायचा. "माय, आलं का?"

चौथ्या बाजारी नरसिंग स्वतः गेला. परत आला तो सरळ चुलीपाशी.

"अण्णा म्हनायलेत, तीन आठवडे झाले पुस्तक देऊन. तुझ्या हातात."

कोंडाबाई भाकरी थापतच राहिली.

"कामून केलीस असं? कोंडे, कामून?"

"संपलं की जाईल ती," ती म्हणाली, आणि हातातली भाकरी परातीतच मोडली. मग बापाची, चुलत्याची, ताटाची सगळी गोष्ट तिनं सांगून टाकली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, नरसिंग हे पहिल्यांदा ऐकत होता.

"देव बुडवलीस अन् हे कणगीत ठिवलीस व्हय!" तो ओरडला. ओरडता ओरडताच रडायला लागला, आणि रडतच त्यानं कणगीत हात घातला.

घर ते केवढं! जगदेवीनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही. हसली, आणि हसण्यानंच तिला धाप लागली. "माय, मी काय पुस्तकावर जगायलेय व्हय? वाचा आप्पा."

पाच दिवस वाचन चाललं. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं, पण उरलेल्या पानांची जाडी कळत होती. नरसिंग पाणी प्यायला उठला की ती पानं चिमटीत धरून बघायची. आधी बोटभर होती, मग भाकरीएवढी. पाचव्या दिवशी दुपारी चिमटीत काही लागेचना तेव्हा तिचा धीर सुटला. तिनं नवऱ्याच्या हातातून पुस्तक ओढून मिटलं.

"आता उद्या. पोरीला दम लागलाय."

"माय, थोडंच ऱ्हायलंय की."

"उद्या म्हनलं न्हवं!"

आईनं पुस्तक पदराआड घट्ट धरलं होतं. जगदेवीनं ते बघितलं आणि म्हणाली, "बरं. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई आंबिलीची वाटी घेऊन आली तेव्हा पोर गेलेली होती.

दुपारपर्यंत माणसं जमली. वंदना झाली. चन्नबसप्पा धोतराचा सोगा हातात धरून अंगणात एका कडेला उभे होते. चौघे उचलायला वाकले, तशी कोंडाबाई उंबऱ्यात आडवी बसली.

"थांबा. पोथी अर्धी ठिवून कुनी उठायचं नसतंय. आधी पुस्तक वाचा."

वस्तीतले वडीलधारे आप्पाराव जवळ आले. "कोंडाबाई, आपन पोथ्या सोडल्या की आता."

"पोथी न्हवं ते. तिचं पुस्तक हाय. मी अडवलं. काल ऐकलं असतं तिनं, मी अडवलं!" ती कपाळ बडवून घ्यायला लागली. कोणी तिला हलवू शकलं नाही.

नरसिंगनं पुस्तक उघडलं. चार ओळी वाचल्या आणि त्याचा आवाज गेला. ओठ हलायचे, शब्द येईना. अंगणातून चन्नबसप्पा पुढं आले, वहाणा काढल्या, कोंडाबाईच्या कडेनं आत शिरले, जगदेवीच्या उशाशी जमिनीवर मांडी घातली आणि पुस्तक हातात घेतलं.

त्यांनी वाचलं. चंबू पुरात वाहून गेला, अरणीला आवाज परत मिळाला नाही. पण कोटाबाहेरच्या बायापोरांना ती कधीपासून बोटांच्या खुणांनी मंत्र शिकवत होती. काठावर उभी राहून तिनं बोटं हलवली, आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या वस्तीनं मंत्र म्हटला. एकेकाला एकेकच शब्द येत होता. नदी मागं सरली.

चन्नबसप्पांनी पुस्तक मिटलं.

कोंडाबाई सरकत सरकत लेकीजवळ गेली. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "जगू, दुसऱ्यांनी म्हनला गं. सगळ्यांनी मिळून म्हनला." मग तिनं पदर सावरला आणि ती वाटेतून बाजूला झाली.

"आता उचला," ती म्हणाली.