मोतीराम टायर चालवून पाहतो

मोतीराम हेडी, म्हणजे बैलांचा दलाल; त्यानं उभ्या आयुष्यात टायर घेतला नव्हता. बैल मात्र असे घेऊन दिले होते की दर्यापूरपासून अकोल्यापर्यंत कुणाला जोडी घ्यायची झाली, की आधी त्याला निरोप जायचा. तो दात पाहायचा, पाठीवरून हात फिरवायचा, जनावर चालवून बघायचा. त्यानं मान हलवली की सौदा पक्का. पण गावोगाव ट्रॅक्टर आले आणि निरोप बंद झाले. आता कुणी काही विचारत नाही, हे त्याला आतल्या आत खात होतं. बायकोजवळ, मैनाजवळ, तो तसं बोललाही होता.

म्हणून पुतण्या गोवर्धन टायर आणायला अकोल्याला निघाला, तेव्हा मैनानंच त्याला गळ घातली, "काकाजीले घेऊन जाय रे बाबा."

गोवर्धननं कापूस वाहायला एक भारी ट्रॉली बनवून घेतली होती. तिच्या चाकांचा पुढचा आणि मागचा कणा एकमेकांपासून इतका लांब, की मधून म्हैस खुशाल आरपार जावी. सरळ रस्त्यावर ट्रॉली ऐटीत चालायची. वळण आलं की चाकं आडवी घासायची. कोरे करकरीत महाग टायर एका हंगामात बगलेतून फाटले. आता स्वस्तातले जुने घ्यायचे होते, पण टिकणारे.

"चाला," गोवर्धन म्हणाला, "पन मधात बोलू नका."

मोतीराम गप्प राहिला. अकोल्यापर्यंत.

मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या अगदी माथ्यावर ओमप्रकाशचं जुन्या टायरांचं आवार होतं. गोवर्धननं खोल नक्षीचे चार टायर बाजूला काढले. मोतीरामनं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली आणि तिसऱ्या चकरेला त्याचा धीर सुटला.

"हे नको घेऊ."

"काहून?"

"अरे, ट्रॅक्टर ओढते, त्याले खूर पाहिजे. ट्रॉली काय ओढते? तिच्या अंगावर ओझं. तिले बरगडी पाहिजे."

एवढं बोलून तो कामालाच लागला. टायरांच्या बगला अंगठ्यानं दाबल्या, आत डोकं घालून वास घेतला, बोटानं टिचकी मारून कान लावला. ओमप्रकाश पोट धरून हसला. "बाबा, दात बी पायता का?"

"असते तं पायले असते," मोतीराम म्हणाला.

त्यानं निवडलेले चार टायर दिसायला टकले होते, पण बगला जाडजूड, कुठं चीर नाही. भावही निम्मा. तेवढ्यावर गोवर्धन तयार झाला, पण जाता जाता बोललाच, "घेतो. पन बगल फाटली ना काकाजी, तं मंग तुमाले आयुष्यात काई इचारनार नाई."

मोतीरामनं चारही बगला पुन्हा एकदा दाबून पाहिल्या. मग त्यानं मान हलवली.

ओमप्रकाशच्या माणसांनी चारही टायर फाटकाबाहेर उभे करून एका दोरानं बांधून ठेवले. गोवर्धन ट्रॅक्टर आणायला गेला. आणि इथं मोतीरामचा चाळीस वर्षांचा हात आपसूक पुढं झाला. बैल विकला तरी दावं विकत नाहीत, ते धन्याचं धन्याकडे राहतं; नाहीतर गोठ्याची बरकत दाव्याबरोबर निघून जाते. मोतीरामनं गाठ सोडली, दोर नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी ओमप्रकाशपुढं धरला.

"घ्या शेठ. दावं तुमचं."

ओमप्रकाशला काही कळेना. टायरांना मात्र लगेच कळलं.

पहिला निघाला, त्यामागं दुसरा, मग उरलेले दोघं. न्हाव्यापुढं बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ओट्यावर चढलं. टांग्याचं घोडं अदबीनं बाजूला झालं. तानुबाई माळणीनं वांग्यांची टोपली डोक्यावर उचलून अशी शिवी हासडली, की दोन मास्तर जागच्या जागी थबकले. मागं मोतीराम, धोतराचा सोगा हातात, "हो! हो! थांब रे राज्या!" त्याच्या मागं ओमप्रकाश, दोर हातात. त्याच्याही मागं ट्रॅक्टर सोडून धावत सुटलेला गोवर्धन, आणि सगळ्यांच्या मागं अर्धा बाजार. पळता पळता मोतीरामला हसू फुटलं. ते आवरेचना. साठीतला माणूस पोरासारखा खिदळत उतार उतरत होता.

तीन टायर सुतासारखे सरळ गेले आणि नदीच्या रेतीत जाऊन शहाण्यासारखे आडवे झाले. चौथा मात्र अर्ध्या वाटेतच लटपटायला लागला, डावीकडं झुकला, उजवीकडं झुकला आणि गुरांच्या हौदाला धडकून पडला.

गोवर्धन धापा टाकत आला. चेहरा लालबुंद. तो तोंड उघडणार, एवढ्यात मोतीराम त्या चौथ्या टायराजवळ उकिडवा बसला.

"हे लंगडं हाय," तो म्हणाला. "याची चालच सांगते."

ओमप्रकाशनं वाकून टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली आणि त्याचं हसणं थांबलं. कडेतली तार तुटलेली होती. "बाबा, कसम से, मले बी मालूम नोतं," असं म्हणत त्यानं दुसरा टायर दिला. तो मोतीरामनं आधी उतारावर सोडून पाहिला. खाली झेलायला अर्धा बाजार हौसेनं उभा होता.

हंगामभर ट्रॉलीनं कापूस वाहिला. रोज संध्याकाळी ती परत आली, की मोतीराम कुणाचं लक्ष नाही असं पाहून चारही बगला चाचपायचा. चैत्र सरला तरी एकीलाही चीर नव्हती. गोवर्धन ट्रॉली सोडून सरळ हातपाय धुवायला जायचा.

एक दिवस दुपारी मोतीराम जेवायला बसला असताना गोवर्धन दारात येऊन उभा राहिला. मान खाजवली, चपलेनं माती उकरली.

"काकाजी, दर्यापूरचे खुशालराव आले हायेत. त्याइले ट्रॉलीचे टायर घ्याचे हायेत. तुमाले इचारून राहिले." मग जरा थांबून तो म्हणाला, "मले बी ट्रॅक्टरचे घ्याचे हायेत."

मोतीराम ताटावरून तसाच उठला. मैना ओरडली, "आवो, भाकर तं खाऊन जा!"

"मैना," तो उष्ट्या हातानं चपला शोधत म्हणाला, "मले इचारून राहिले व. मले!"