उजव्या गुडघ्यावरची शिलाई

"कॅन्सर नाही!" डॉक्टरीणबाई खोलीत शिरता शिरताच म्हणाल्या आणि मी खुर्चीतून अशी उठले, की मांडीवरची पिशवी, पाण्याची बाटली, सगळं धाडकन खाली!

"पाय?" आमच्या ह्यांना एवढंच सुचलं.

"पाय राहणार. तुकडा तपासला, गाठ साधी आहे. हाड पोखरलंय, पण सांधा शाबूत आहे. गाठ खरवडून काढायची आणि पोकळीत सिमेंट भरायचं."

"सिमेंट? म्हणजे मी आता पक्कं बांधकाम!" लेक म्हणाली. आठवडाभर जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती बया चक्क विनोद करत होती! मला तर डॉक्टरीणबाईंचा मुका घ्यावासा वाटला.

"गुडघ्याची सूज आधी कुणाच्या लक्षात आली?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "माझ्या. म्हणजे... यायला हवी होती."

हे शिंपी. लेकीच्या पँटी हेच शिवतात. उजवा पाय गुडघ्यावर घट्ट होतोय म्हणाली, तर ह्यांनी शिलाई उसवून सैल केली. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. "माझाच कट चुकतोय, हात गेला माझा," म्हणून स्वतःवरच चडफडायचे. मी तरी काय, "चष्मा बदला" म्हणून टोमणे मारत बसले.

"तीनदा कापड सोडलं, बाई. पाय एकदाही पाहिला नाही." हे तिच्या गुडघ्याकडे बघत म्हणाले.

"अहो बाबा, दुखतंय हे मी तरी कुठे सांगितलं? धावण्याच्या संघातून काढतील म्हणून गप्प बसले."

"वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ऑपरेशनपर्यंत ह्या पायावर अजिबात भार नको. हाड मोडलं तर सगळंच मुसळ केरात."

लेकीला दोन्हीकडून उचलून धरत बाहेर आणलं, तर दाराशी ठेवलेली आमची चाकाची खुर्ची कुणीतरी पळवलेली! हे लेकीसमोर पाठ करून खाली बसले.

"चल, चढ."

"बाबा! एवढी घोडी झालेय मी. लोक बघतायत!"

"बघू देत!" मीच ओरडले.

चढली. उठताना हे डगमगले. मी दंड धरला, तर "सोड गं," म्हणाले. दोन्ही तळव्यांत तिचे गुडघे जपून धरून, "जरा सरका, जरा सरका," करत हे रांगेतून ताठ निघाले. लेक खिदळत होती. ह्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.