गाळलेला आवाज

“झालं बोलून? ऐकूया?” मिस्त्रींनी बटण दाबलं. संगणकातून चकार शब्द आला नाही.

“अहो, एवढा वेळ काय भिंतीशी बोलले मी?” बाई म्हणाल्या.

सोमवारी बाईंच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. आवाज आधीच बसून कुजबुजीवर आला होता. उरलाय तेवढ्यात पहिलीच्या मुलांसाठी त्यांना गोष्ट सांगून ठेवायची होती. जन्मभर पंप दुरुस्त केलेले त्यांचे यजमान, मिस्त्री, सकाळपासून माइकशी झटत होते. वायर काढून घट्ट बसवली. संगणकाने भलताच माइक धरला होता, तो बदलला. आवाजाची पातळी चढवली. ते स्वतः “हॅलो” म्हणाले की खणखणीत. बाई बोलल्या की शुकशुकाट.

“तुमच्याशी बरा बोलतो! माझ्याशीच अबोला?”

“शाळेतला धाक दाखव त्याला.”

“मी कधी दाखवला हो धाक?”

ते खरंच होतं. वर्गात गलका वाढला की बाई आपला आवाज आणखी खाली आणत. काय सांगतात ते ऐकायला मुलं आपोआप गप्प होत.

मिस्त्रींनी आपलं “हॅलो” पुन्हा लावलं आणि पंपाला लावावा तसा कान लावला. मग वर बघितलं.

“अगं, पंखा एवढा खडखडतोय, मग यात कुठाय?”

“नाही ते बरंच की.”

“बरं कसलं! खरखर वाटली की हा गाळून टाकतोय. तुझा आवाजही त्यातच गेला.”

“मेल्यानं मला पंख्याशेजारी बसवलं!” बाई हसता हसता खोकू लागल्या.

खरखर गाळण्याची सोय शोधून मिस्त्रींनी बंद केली. पंखाही बंद केला. आता बाईंचा आवाज आला. घोगरा, जागोजागी विरलेला.

“असा झालाय होय?” बाई हळूच म्हणाल्या. “घाबरतील हो पोरं.”

“तुझी पोरं ती. ऐकतील.”

बाईंनी घोटभर पाणी घेतलं, पदर सारखा केला. “लावा. पहिल्यापासून सांगते.”

गोष्ट सुरू झाली. कोल्हा आला, ससुल्याने धूम ठोकली. “मग सांगा पाहू,” बाईंनी विचारलं, “ससुला कुठं लपला असेल?”

आणि त्या थांबल्या. समोर पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत मुलं बसली असावीत, तशी त्यांची नजर सावकाश फिरली.

घाम मिस्त्रींच्या डोळ्यांत उतरत होता. उत्तर त्यांना ठाऊक होतं, अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.