मांडव उठेपर्यंत

माझं लग्न माघात लागलं आणि चैत्र सरत आला तरी संपलं नव्हतं. हसा. अख्खं वडगाव हसत होतं, मग तुम्हीच तेवढे का मागे राहता?

दोष सगळा बेळगाव शहराचा. ते शहर फुगत फुगत आमच्या अंगावर येऊ लागलं होतं. आमच्या विणकरांच्या गल्ल्यांमागची शेतं घेऊन पैसेवाले तिथे बंगले उठवायला लागले होते. रस्ता कुठून न्यायचा आणि गटार कुठे काढायचं याचा कुणालाच पत्ता नव्हता. मग पौषात एक दिवस दवंडी पिटली. गावाचा नकाशा तयार होईपर्यंत वडगावात कुणी नवी भिंत उभारायची नाही, नवं छप्पर घालायचं नाही. हुकूम तात्पुरता आहे, लोकांनी घाबरू नये. बंगलेवाल्यांचे बंगले तोवर बांधून झाले होते. अडकलो तो मी.

कारण माझं लग्न ठरलं होतं ते खोलीच्या बोलीवर. आमचं घर म्हणजे एक लांब सोपा. त्यात जमिनीत खड्डे खणून बसवलेले दोन माग, आणि उरलेल्या जागेत आई, नागोजी काका, माझे दोन थोरले भाऊ, वहिन्या आणि पोरांचं लेंढार. संकेश्वरच्या अंजनीचं स्थळ आलं तेव्हा तिच्या आजीनं, यल्लव्वानं, एकच सांगितलं होतं, "पोरीला सवती खोली पायजे. न्हायतर आमची पोर आमच्या घरी बरी हाय." अंजनी वीस वर्षांची होती, बापाचा माग एकटी चालवायची. मी तिला एकदाच पाहिलं होतं आणि पुरे झालं होतं. परसात खोली बांधायची, तिच्यात माझा स्वतःचा माग टाकायचा, असं ठरलं. आणि त्यावर ही दवंडी!

मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी नागोजी काका कचेरीतून नाचतच आला. नकाशाच्या कामावर नेमलेल्या ओव्हरसियरला त्यानं साळसूदपणे विचारलं होतं, लग्नाचा मांडव तरी घालू द्याल का? ओव्हरसियर म्हणाला होता, "मांडवाला कोण अडवतंय? लग्न उरकलं की काढा म्हणजे झालं."

"केदारी, आपण लगीन उरकायचंच न्हाय," काका म्हणाला.

आमच्यात लग्नाच्या मांडवात देवक बसवतात. ते विधीनं उठवल्याशिवाय मांडवाच्या काठीला कुणी हात लावत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. काकाचा बेत असा की देवक बसवायचं आणि उठवायचंच नाही. हुकूमही तात्पुरता, मांडवही तात्पुरता. बघू आधी कोण उठतं!

परसात मांडव उभा राहिला. खांब जाड, भोवती बांबूच्या तट्ट्या, वर उसाच्या पाल्याचा हातभर थर, आणि आत मागाचा खड्डा. लग्नाला ओव्हरसियर आला. जेवता जेवता त्यानं वर पाहिलं.

"मांडव फारच भक्कम आहे हो."

"वाऱ्याचा भरवसा न्हाय, सायेब," काका म्हणाला आणि त्याच्या पानात आणखी दोन पोळ्या टाकल्या.

आम्ही जिंकलो होतो. निदान रात्रीपर्यंत मला तसं वाटत होतं.

एवढे सगळे शहाणे जमले होते, पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. देवक उठल्याशिवाय नवरानवरीच्या हातातली कंकणं सुटत नाहीत. कंकणं सुटेपर्यंत दोघांनी एकत्र यायचं नाही. आणि नवरीबरोबर आलेली पाठराखीण तोवर तिला सोडून जात नाही. पाठराखीण होती यल्लव्वा आजी.

म्हणजे खोली माझी, माग माझा, बायको माझी, आणि आत झोपायची यल्लव्वा! मी सोप्यात, पुतण्याचा पाय मानेवर घेऊन. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची वेळ आली.

दिवसा मी मागावर बसायचो आणि अंजनी कांड्या भरायची. मधे आजी. तिचे डोळे मिटलेले, पण कान उघडे.

"आजी, त्यास्नी म्हणावं, लाल सूत संपत आलंय," अंजनी म्हणायची.

"आजी, तिला म्हणावं, मला दिसतंय," मी म्हणायचो.

"आजी, त्यास्नी म्हणावं, सुताकडं बघत न्हाईत तर दिसतंय कसं?"

"दोघांस्नी म्हणावं, गप बसा," आजी म्हणायची. अंजनी पदर तोंडात कोंबून हसायची, आणि ते हसू ऐकून माझ्या हातून हमखास धागा तुटायचा.

ओव्हरसियर आठवड्याला चक्कर टाकायचा. "लग्न चालूच आहे का?" तो विचारायचा. "देवक बसलंय, सायेब," काका हात जोडायचा. मग घरात लग्न आहे म्हटल्यावर पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं? पंगत मांडायची. तिकडे आमचं बघून गल्लीत आणखी मांडव पडू लागले. भरमा साळ्यानं तर घरात लग्नाचं कुणीच नसताना मांडव घातला आणि नवरी शोधायला माणसं धाडली. वडगावात इतकी लग्नं कधी जमली नव्हती आणि इतकी कमी कधी पार पडली नव्हती.

चैत्रात मात्र ओव्हरसियर आला तो पानावर बसेना. "नकाशा झाला नाही," तो म्हणाला. "हुकमाची मुदत वाढली. अजून एक वर्ष."

"मग आमचं देवकबी वरीसभर बसंल!" काकानं मांडीवर थाप मारली.

माझं तोंड कडू झालं. तेवढ्यात अंजनी बाहेर आली. लग्न झाल्यापासून ती थोरांसमोर एक शब्द बोलली नव्हती.

"काका, म्हंजे मी वरीसभर नुसती नवरीच ऱ्हायची?"

"पोरी, खोलीसाठी कळ काढायला पायजे. देवक उठलं तर खोली जाईल."

"जाऊ दे. मी खोलीसंगं लगीन लावल्यालं न्हाय." आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्यापुढे हात केला. "आवं, सोडा."

यल्लव्वा आजी तोंड उघडून बघतच राहिली. आई मांडवात गेली, तिनं देवकावर अक्षता टाकल्या आणि ते उठवलं. मला एकदम रडू आलं आणि हसूही आलं.

आता कंकण एका हातानं सोडायचं, असा रिवाज. तुटला धागा डोळे मिटून जोडणारे आम्ही, पण गाठ सोडायला आम्हाला कुणी शिकवलंय! त्यात हळदीनं आणि खळीनं ती गाठ दगड झाली होती. मी ओढतोय, अंजनी हसून वाकतेय, आजी ओरडतेय, "दातानं न्हाय! दातानं न्हाय रं!" सगळी गल्ली कुंपणावर लोंबकळली. ओव्हरसियरलाही राहवेना. "डावीकडून ओढा, अहो डावीकडून!" अखेर गाठ सुटली. अंजनीनं माझं कंकण चुटकीसरशी सोडलं. पुढच्या संसाराचा अंदाज मला तिथंच आला.

पहिली तट्टी काकानंच काढली, शिव्या देत. ओव्हरसियरनं एक खांब धरला. संध्याकाळपर्यंत खोली भुईसपाट झाली. माग उघडा पडला, त्यावर आम्ही जुनं जाजम टाकलं. मी उसाच्या पाल्याच्या ढिगाशेजारी उभा राहिलो. आता बायको होती आणि तिला न्यायला जागा नव्हती.

दिवेलागण झाली. आई आपलं अंथरूण काखेत मारून सोप्यातून बाहेर आली आणि परसात पसरू लागली. मग वहिन्यांना हाक मारली. मग भावांना. पोरं तर आधीच उड्या मारत आली.

"आई, हे काय?"

"हुकूम छपराला हाय. उघड्यावर झोपायला न्हाय." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "पाऊस लागंपतूर आमी हितंच."

काका कुरकुरत येऊन आडवा झाला. यल्लव्वा आजीचं गाठोडं बांधून झालं होतं, ते तिनं उशाला घेतलं. "मी सकाळच्यानं जातो," ती म्हणाली आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

अंजनी आणि मी सोप्यात शिरलो. इतकी रिकामी जागा मी त्या घरात जन्मात पाहिली नव्हती. आम्ही दोघेही भिंतीला चिकटून उभे राहिलो. बाहेर काका खोकत होता, पोरं खिदळत होती, वहिनी त्यांना दटावत होती आणि स्वतःच हसत होती. आई मातीवर पडलीय, हे माझ्या मनातून जाईना. मी दार थोडं लोटून बाहेर डोकं काढलं.

"आई, डास लई हाईत. तू तरी आत ये गं."

"आधी कडी लाव, गाढवा!" आई म्हणाली.